बांधावरचं झाड तोडण्याआधी त्याची सावली मोजा

गहू, हरभरा पेरून झाला की शिवारात कुऱ्हाडी निघतात. "बांधाकडचे चार तास सावलीनं जातात" असं म्हणायचं आणि तीस वर्षांचा लिंब आडवा करायचा. माझं म्हणणं एवढंच, की सावली कुठं पडते ते आधी बघा. नुसत्या अंदाजावर झाड पाडू नका.

उजेड सरळ रेषेत येतो. मधे झाड आलं की त्याच्या मागं सावली. म्हणजे सूर्य दक्षिणेला असेल तर सावली उत्तरेला. आपल्या पुणे-बीड पट्ट्यात रब्बीभर दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी साडेबाराच्या सुमारास तीस फुटी झाडाची सावली साधारण सत्तावीस फूट उत्तरेकडं जाते. सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीच्या वर असते, पण वायव्येला, आणि सारखी सरकत राहते. म्हणजे तुमच्या उत्तर बांधावरचं झाड रब्बीत दुपारी तुमच्या पिकावर सावली टाकतच नाही! खरा त्रास दक्षिण बांधाचा. खरिपात तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच, सावली झाडाच्या बुडातच राहते.

मोजायला काही लागत नाही. चार फुटी काठी उभी रोवा, तिची सावली मोजा. काठीची सावली पाच फूट असेल, तर त्या वेळी झाडाचीही उंचीच्या सव्वापट.

दुसरं. सगळी सावली सारखी काळी नसते. विजेच्या तारेची सावली जमिनीवर शोधून बघा, दिसलीच तर पुसट. सूर्य म्हणजे ठिपका नाही, थाळी आहे. वस्तू तिच्या रुंदीच्या शंभर पटीपेक्षा जास्त लांब गेली की ती थाळी पुरी झाकू शकत नाही. इंचभर पानाची गडद सावली नऊएक फुटांत संपते. म्हणून खालच्या फांद्या काढून शेंडा उंच ठेवला की पिकाला कवडसे मिळतात. बाभूळ, लिंब, शेवगा याला चांगले. आंबा-चिंचेचा पाला एकावर एक दाट, तिथं हा हिशोब चालत नाही.

आणि बऱ्याचदा पीक बसतं ते सावलीनं नाही, मुळांनी. झाड पाणी ओढतं, नाव सावलीचं. उत्तर बांधाजवळ ऊन असूनही पीक खुरटं दिसलं तर मुळांवर शंका घ्या. बुडापासून अंतर सोडून दोन-अडीच फूट खोल चर मारा, फरक दिसेल.

माझ्या उत्तर बांधावरच्या लिंबांची सावली शेजाऱ्याच्या गव्हावर जाते, हे खरंय. त्यासाठी दर दिवाळीला मी खालच्या फांद्या उतरवतो, सरपण तोच नेतो. ज्यांच्या दक्षिण बांधाला झाडं आहेत त्यांनी या आठवड्यात दुपारी काठी रोवून मोजा आणि किती तास सावलीत येतात ते खाली लिहा.