आधी आवाज, मग नाव

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांना घेऊन मी गावातल्या एका निवृत्त काकांकडे गेलो होतो. काकांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद. मी खरे तर उर्दू-मराठी शिकवणारा. पण विज्ञानाचे सर रजेवर होते.

काकांनी सेट लावला आणि कितीतरी वेळ गप्पच बसले. एक मुलगा कंटाळून म्हणाला, "काका, बोला ना!" काका म्हणाले, "आधी ऐकायचं. कोणी बोलत असेल तर मध्ये घुसायचं नाही." मग लहर मोकळी आहे का, असे विचारून त्यांनी "सीक्यू, सीक्यू" अशी हाक दिली. केरळमधून उत्तर आले, "फाइव्ह नाइन."

पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरात येतो त्याचा, नवापैकी. तुमचे बोलणे मला किती ऐकू येते, हे आधी सांगायचे. नाव, गाव त्यानंतर. मुले सेट बघत होती, माझे मन मात्र या क्रमापाशी अडकले.

बी.एड. करताना मी शहरात खोली शोधत होतो. फोनवर माझे मराठी ऐकून घरमालक खूश झाले, "उद्या या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून नाव सांगितले आणि खोली "कालच गेली" होती. नाव कळताच माझा आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला.

हॅम लोक काही फरिश्ते नाहीत. तीही आपल्यासारखीच माणसे. पण त्यांच्या छंदाचे नियमच असे आहेत, की ऐकण्याची सवय लागते. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळतो, आणि त्यावर पैसा कमावण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे समोरच्याकडून काय मिळेल, हा हिशेबच उरत नाही. नवख्याला जुना माणूस फुकट शिकवतो.

या सवयीची किंमत डिसेंबर 2004 मध्ये कळली. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हॅम पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून जगभर संपर्क साधायचा, एवढीच हौस. 26 तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवायला बसले. अशा वेळी बाकीच्या हॅमनी त्या लहरीवर गप्प राहायचे, वाट मोकळी ठेवायची, हा या मंडळींचा रिवाज आहे. गप्प राहणे हीदेखील खिदमतच.

घरमालकाची तक्रार करणे मला सोपे आहे. पण आपल्या मोहल्ल्यात काय चालते? दारात मदत मागायला आलेल्या बाईला आपण आधी काय विचारतो? कुठल्या जमातीची, कुठल्या बिरादरीची, नवरा कुठल्या मस्जिदीत जातो. तिचे दुखणे काय, हा प्रश्न शेवटी येतो. हे मी स्वतः पाहिले आहे, आणि एकदोनदा गप्प बसलोही आहे. ते गप्प बसणे हॅम लोकांचे नव्हते, भित्र्या माणसाचे होते.

आपल्याकडे पूर आला की तरुण पोरे भाकरी, चादरी घेऊन धावतात. त्यांचे कौतुक आहेच. पण मोबाइल बंद पडल्यावर कुठे काय हवे, हे कोण सांगणार? प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाळेत एकदोन परवानाधारक हॅम का नसावेत? बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ही परीक्षा देता येते. जलशांवर आणि मंडपांवर होणाऱ्या खर्चाचा छोटा हिस्साही यासाठी पुरेल.

आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी काकांकडून परीक्षेचे पुस्तक आणले आहे. एकीच्या अब्बांनी मला विचारले, "सर, याचा फायदा काय?" मी म्हटले, "पैशाचा काहीच नाही. पण पोरगी ऐकायला शिकेल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फॉर्म कुठे मिळतो?"