रक्ती हगवण आणि ओली गादी

पावसाळा लागला की तीन-चार आठवड्यांची पिले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसतात. विष्ठेत रक्त दिसते. कोणी म्हणते मानमोडी, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि घरची बाई अंड्यांचे पैसे घेऊन औषधाच्या दुकानाकडे धावते. आमच्या मते ही बहुतेक वेळा रक्ती हगवण असते आणि तिचे मूळ पिलांच्या पायाखाली शोधावे.

आयमेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी हा रोग करतो. त्यातली टेनेला ही जात आतड्याच्या शेवटाकडील दोन आंधळ्या पिशव्यांचे अस्तर फोडते, म्हणून रक्त. आजारी पिलाच्या विष्ठेतून तिची कवचाची बीजे बाहेर पडतात. ताजी असताना त्यांच्यापासून बाधा होत नाही, पण ऊब आणि ओल मिळाली की दोनेक दिवसांत ती पिकतात. दाणे टिपताना दुसरे पिलू ती गिळते आणि आठवडाभरात तेही तसलीच बीजे टाकू लागते. गळके पाण्याचे भांडे एवढे काम करते!

आम्हीही एकदा फसलो आहोत. खुराड्यात फिनेल शिंपडून निश्चिंत झालो आणि ३० पैकी ११ पिले गमावली. नेहमीची जंतुनाशके या कवचापुढे फारशी चालत नाहीत. फिनेलाच्या पाण्याने भुसा मात्र आणखी भिजला.

औषधाला आमचा विरोध नाही. पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळीच दिलेले अँप्रोलियम किंवा सल्फा पिले वाचवते. पण दोन दिवसांत पिलू चरू लागले की बाटली फळीवर जाते, हे बरे नव्हे. शिवाय अँप्रोलियम परजीवीला ब-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही. त्याच पाण्यात हौसेने ब-जीवनसत्त्वाचे टॉनिक घातले तर औषधाचा जोर कमी होतो. राणीखेतची लस टोचलेली असली तरी ती या रोगाला अडवत नाही, ती मानमोडीसाठी.

थोरल्या कोंबड्या धडधाकट दिसतात, पण बीजे त्याही टाकत असतात. पिले त्यांच्यात लवकर सोडू नयेत. रोज सकाळी भांड्याभोवतीचा भुसा मुठीत दाबून पाहावा. गोळा झाला, तर तो त्याच दिवशी काढून लांबच्या खड्ड्यात पुरावा, परसात टाकू नये.