नाव कळले, तरच दाणा टिकेल

रेशनच्या तांदळातील काही दाणे वेगळे दिसतात, म्हणून ते ‘प्लास्टिकचे’ समजून वेचून फेकले जातात, अशा तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या आहेत. वास्तविक हे दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून घडवलेले असतात. साधारण शंभर किलो तांदळात ते एक किलो घातले जातात. ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली व १७,०८२ कोटी रुपयांचा खर्च मान्य केला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणजेच वेचून फेकलेला दाणा बहुधा ज्या घरात गरजेचा असतो, तेथूनच बाहेर जातो.

जीवनसत्त्वांच्या शोधाचा आरंभही तांदळापासूनच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांना दिसले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंडा दिल्यावर तो बरा होतो. १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हायटामाइन’ म्हटले. ती सारी ‘अमाइन’ असावीत, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरल्यावर १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी शब्दाचे शेवटचे अक्षर गाळून अ, ब, क अशी अक्षरे देण्याची सूचना केली. मराठीतील ‘जीवनसत्त्व’ या शब्दाने असा कोणताही रासायनिक दावा केलेला नाही. मात्र इंग्रजी ‘सी’चे मराठीत ‘क’ झाल्याने ‘क’ आणि ‘के’ यांत गफलत होते. पहिल्याच्या अभावी स्कर्व्ही होतो, तर दुसरे रक्त गोठण्यासाठी लागते.

फॉलिक आम्लाचा धागा तर मुंबईशी जुळतो. तेथील गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना ल्युसी विल्स यांना यीस्टच्या अर्काने गुण येतो, असे आढळले; १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले.

योजनेची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. गिरणीत तांदूळ पांढरा होताना ब-१ निघून जाते, परंतु सक्तीने मिसळल्या जाणाऱ्या तीन घटकांत ते नाही. धान भिजवून वाफवल्यावर ते दाण्यात मुरते. गोव्याच्या उकड्या तांदळाचे मोल त्यात आहे. ही द्रव्ये पाण्यात विरघळत असल्याने तांदूळ फार धुतला वा पेज ओतून दिली, की त्यांचा काही भाग वाया जातो.

म्हणून पोत्यावर केवळ ‘+एफ’ हे चिन्ह छापणे पुरेसे नाही. दाण्यात काय आहे, कशासाठी आहे आणि तो कसा शिजवावा, हे रेशन दुकानाच्या फलकावर ग्राहकाच्या भाषेत लिहिले, तर वेचून टाकलेल्या दाण्यांची संख्या कमी होईल.