वाटीभर तेल आणि एक न विचारलेला प्रश्न

तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालताना आजीने त्याची टाळू भरणे हा आपल्या घरांतील एक हृद्य सोहळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहूनही मराठी कुटुंबांनी जे काही जपले, त्यात पुरणपोळीइतकेच हे वाटीभर तेलही आहे. म्हणूनच या विषयावर लिहिताना लेखणी थोडी अडखळते.

काही वर्षांपूर्वी सात महिन्यांच्या एका मुलीला झटके येत असल्यामुळे रात्री माझ्याकडे आणले. ताप नव्हता. रक्तातील साखर आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात होते. औषधाने झटके थांबले. पाठीतील पाणी तपासले, मेंदूचे चित्रण केले. सारे काही निर्दोष निघाले. दुसऱ्या दिवशी आजी संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोक्यावरच्या खपल्यांसाठी सूनबाईनं मोबाइलवर बघून तेल केलं होतं. खोबरेलात कापूर आणि निलगिरी. त्यानं तर काही झालं नसेल ना?" मुलीच्या डोक्याला येणारा कापराचा वास रात्री मलाही जाणवला होता. घरी आरती झाली असेल, असे समजून मी तो मनावेगळा केला होता. चूक त्या माउलीची जितकी, तितकीच तो प्रश्न न विचारणाऱ्या माझीही होती.

कापूर त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात जातो व थेट मेंदूला उत्तेजित करतो. तान्ह्या मुलांची त्वचा पातळ, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे, आणि कापराचा निचरा करणारे यकृत अद्याप अपरिपक्व असते. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्याने लहान मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कापूरमिश्रित तेलाची विक्री बंद केली, ती याच कारणास्तव. निलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेले तरी मुलाला झटके येऊ शकतात. आणि पेपरमिंटमधील मेंथॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ आल्यास त्याचा श्वास अडू शकतो.

याचा अर्थ घरगुती तेल त्याज्य आहे, असा मुळीच नव्हे. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेल तेलामुळे कमी होते, हे २००३ मध्ये आपल्याच देशातील संशोधकांनी दाखवले. २००२ मधील एका चाचणीत ५ टक्के टी ट्री तेल असलेल्या शाम्पूने कोंडा कमी झाला. २०१५ मध्ये केस विरळ होण्यावर रोझमेरीच्या तेलाचा परिणाम २ टक्के मिनॉक्सिडिलच्या तोडीचा दिसला. परंतु या दोन्ही चाचण्यांत तान्हे मूल एकही नव्हते आणि मात्रा मोजलेली होती. ज्याला गुण आहे त्याला मात्रा आहे, आणि ज्याला मात्रा आहे त्याला अवगुणही आहे. 'नैसर्गिक' या शब्दाने हा नियम बदलत नाही. धोतराही निसर्गानेच दिला आहे.

म्हणून माझे मत स्पष्टपणे मांडतो. दोन वर्षांखालील मुलांच्या डोक्याला साध्या तेलाखेरीज काहीही लावू नये. कापूर, निलगिरी, पेपरमिंट तर नाहीच. खपल्या असतील तर थोडे तेल लावून त्या मऊ कराव्यात, मऊ ब्रशने हलकेच सोडवाव्यात आणि डोके धुऊन टाकावे. तेल दिवसेंदिवस मुरवत ठेवले तर खपल्यांशी निगडित असलेल्या बुरशीला खाद्यच मिळते. मोठ्यांनी सुगंधी अर्क वापरायचे असल्यास ३० मिलिलिटर तेलात सुमारे सहा थेंब, म्हणजे एक टक्का, इतक्यावर थांबावे. कोपराच्या आतील बाजूस आधी लावून दोन दिवस पाहावे. बाटली जुनी झाली असल्यास टाकून द्यावी, कारण हवा लागून जुन्या झालेल्या अर्काने त्वचेला ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. आणि ती बाटली देवघरातील कापरासह मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. झटके आलेल्या प्रत्येक बालकाच्या आईला "डोक्याला, छातीला काय लावलेत?" हे अवश्य विचारा, मात्र आवाजात उपहास नको. आपण हसलो की पुढच्या वेळी ती तेलाची गोष्ट लपवते, आणि आपण तपासण्यांच्या अरण्यात भटकत राहतो. त्या आजींनी धीर करून सांगितले नसते, तर ती मुलगी कदाचित वर्षानुवर्षे झटक्यांची औषधे घेत राहिली असती.

तेलाची वाटी घरात राहावी, आजीचा हातही राहावा. त्या वाटीत काय मिसळले आहे, एवढे मात्र आपण विचारीत जावे.