सोसायटीची पावती

मार्च महिना सरत आला म्हणजे आमच्या दारी येणाऱ्या मंडळींचे बोलणे बदलते. एरवी बाप्तिस्म्याचा दाखला मागणारा मनुष्य ह्या दिवसांत बगलेत ऋण-पुस्तिका घेऊन येतो आणि मूळ मुद्द्यावर येण्यापूर्वी बराच वेळ पिकापाण्याचेच बोलत राहतो. (महाराष्ट्रातील वाचकांस जो सातबारा, त्याचे काम इकडे माळव्यात खसरा आणि ही पुस्तिका करते.) गेल्या मार्चात बदनावरजवळच्या एका खेड्यातून असेच एक दांपत्य आले. शेवटी गृहस्थाने विचारले, "फादर, सोसायटीचे पैसे भरावे की थांबावे? लोक म्हणतात, माफी होणार."

त्याची पत्नी काही बोलली नाही. परंतु तिच्या चेहऱ्यावरून हा प्रश्न घरात पुष्कळ वेळा होऊन गेला असावा, हे आम्ही ओळखले.

प्रश्न लहान नाही. खरिपाच्या कर्जाची मुदत सामान्यतः २८ मार्चला संपते. गहू तेव्हा नुकताच खळ्यावर आलेला असतो. हमीभावाने तो घालावा तर पैसे हाती पडेपर्यंत मुदत टळण्याची धास्ती, आणि व्यापाऱ्यास घाईने द्यावा तर भाव पडलेला. मुदतीत फेडणाऱ्यास मध्य प्रदेशात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज अनेक वर्षे बिनव्याजी मिळत आले आहे. मुदत चुकली की ही सवलत जाते, व्याज लागते, नवे कर्ज अडते आणि पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे खत उधारीने मिळेनासे होते. मग मनुष्य कोठे जातो? दरमहा शेकडा २ रुपये घेणाऱ्याकडे. १ लाखावर सहा महिन्यांचे १२ हजार झाले. हा हिशेब आम्ही त्या गृहस्थास कागदावर मांडून दाखविला.

माफीची वाट पाहणाऱ्यांचे काय होते, हेही ह्या प्रांताने पाहिले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये २ लाखांपर्यंतच्या माफीची घोषणा झाली. त्या आशेवर भरणा थांबवून कित्येक शेतकरी थकबाकीदार होऊन बसले आणि २०२३ साली अशा लोकांचे व्याज माफ करण्यासाठी सरकारला निराळी योजना काढावी लागली. ह्यात सावकाराला मात्र कोणी थांबवून धरले नव्हते.

सावकारी पाश म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांस सांगावे लागत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली, ती उगीच नव्हे. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जर्मनीत रायफायझेन नावाच्या एका नगराध्यक्षाने हाच मार्ग शेतकऱ्यांस आधी घालून दिला होता: एकमेकांस ओळखणाऱ्यांनी एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज घ्यावे. छोटानागपुरात जेसुइट धर्मगुरू फादर हॉफमन ह्यांनी १९०९ साली आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था उभारली, आणि वसईत १९१८ साली जी लहानशी कॅथलिक पतसंस्था निघाली, तिचीच पुढे मोठी बँक झाली. तथापि देशभराचा विचार केला, तर वाट सोपी नव्हती. १९५१-५२ च्या पाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेले कर्ज अवघे ३ टक्के भरले. सावकारांचे ७० टक्क्यांच्या आसपास होते.

सोसायट्या निर्दोष आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सोयाबीन पिकविणाऱ्यांसाठी १९७९ साली निघालेला राज्याचा तेलबिया संघ एके काळी गावोगाव पोहोचला होता; तो पुढे तोट्यात बुडाला. आमच्या माहितीच्या एका सोसायटीत वार्षिक सभेस आठ माणसे होती आणि सह्या शंभरावर निघाल्या. सचिवास दोष देणे सोपे आहे. परंतु उरलेले सभासद त्या दिवशी कोठे होते? एका सभासदास एक मत, मग त्याची जमीन दोन बिघे असो वा दोनशे, हा अधिकार ज्यांनी वापरलाच नाही, त्यांची तक्रार आम्ही अर्ध्याच कानाने ऐकतो.

असो. दांपत्याचे सांगावयाचे राहिले. हिशेबाचा कागद पाहून गृहस्थ म्हणाला, "पण फादर, आज पैसे आहेत कोठे?" तेव्हा ती बाई प्रथमच बोलली. दिवाळीपूर्वी सोयाबीन विकले तेव्हा तिने सहा क्विंटल मागे ठेवविले होते. भाव चढेल म्हणून नव्हे, तर मार्च येणार हे ठाऊक होते म्हणून. नवऱ्याचा समज, ते बियाण्यासाठी असावे. दुसऱ्याच दिवशी माल बदनावरच्या मंडीत गेला. कमी पडले ते दुधाच्या पैशांतून भरले गेले. गहू खळ्यावर राहिला, आणि पुढे सावकाश हमीभावाने गेला.

मुदतीच्या दोन दिवस आधी ते पावती दाखवावयास आले. गृहस्थाने ती खिशात घालण्यासाठी घडी केली, तो बाईने हात पुढे केला. "द्या इकडे," ती म्हणाली, "गेल्या वर्षीची तुम्ही धुण्यात घातली होती."