साहस कुणाचं?



रिचर्ड गॅरियट हा संगणकावरच्या खेळांचा एक आद्य रचनाकार. वडील अंतराळवीर, याची नजर अधू, म्हणून ती वाट लहानपणीच बंद झाली. शाळकरी वयात त्यानं खेळ रचायला घेतले. ‘अल्टिमा’ मालिकेनं पैसा दिला. सुमारे ३ कोटी डॉलर भरून तो २००८ मध्ये अंतराळ स्थानकावर गेला. २०२१ मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल. त्याच्या जिद्दीचं मला कौतुक वाटतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात, पेठ-त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात बाया हंडाभर पाण्यासाठी जीव मुठीत धरून खोल विहिरीत उतरतात. त्याला कुणी साहस म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. साहस म्हणजे स्वतः निवडलेला धोका. हा लादलेला आहे. बाईच्या धैर्याचे गोडवे गाऊन दारात नळ येत नाही.

निवड करायला पैसा लागतो, वेळ लागतो. बाईला तर घराबाहेर पडण्याची मुभाही लागते. म्हणून आपली पाण्याची मागणी नुसती पाण्याची नाही. डोईवरचा हंडा उतरला, तर मुलीच्या हाती वेळ येईल. त्या वेळात ती खेळेल, संगणक शिकेल, नाहीतर ब्रह्मगिरी चढेल. काय करायचं, ते तिचं तिनं ठरवावं.