सोफा नेमका कोणासाठी?

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की पहिल्या खरेद्यांत सोफा असतोच, आणि तो दुकानाच्या प्रशस्त दालनात पाहून ठरविला जातो. तेथे आटोपशीर भासलेला ७ फुटी सोफा १० फुटी दिवाणखान्यात वाट अडवून बसतो. कधी तर जिन्याच्या वळणावरच अडतो. मोजपट्टी खोलीबरोबरच दाराला आणि लिफ्टलाही लावणे इष्ट.

मापाहूनही दुर्लक्षित राहते ती बैठकीची उंची. बुटक्या, खोल सोफ्यात वृद्ध आई-वडील बसतात खरे. परंतु उठताना त्यांना कोणाचा तरी हात लागतो. तो मागण्याचा संकोच वाटू लागला की ते बाहेर येऊन बसणेच टाळतात. सुमारे १८ इंच उंचीची, घट्ट फोमची, भक्कम हातांची बैठक घेतल्यास हा संकोच उरत नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांत भरण्यापेक्षा याला अधिक मोल द्यावयास हवे.

शयनगृहात सोफा हवाच कशाला? तेथे बहुधा कपड्यांचा ढीगच विराजमान होतो. मुलांच्या खोलीत सोफा-कम-बेड उपयुक्त, मात्र तो पूर्ण उघडेल इतकी जागा समोर असावी. बदलीची नोकरी असलेल्यांनी सुटे भाग होणारी सागवानी बैठक घ्यावी. गाद्या बदलता येतात, सांगाडा तोच राहतो.